खंडेनवमीला जोडलेली नळी

“आज नाही, उद्या नाही, आणि असं उभंच राहणार असाल तर परवासुद्धा नाही! दिसत नाही का अण्णा? टॉर्चला हार घातलाय मी!”

अक्का ओरडत होती. अक्का ओरडली की मैसूरच्या नजरबाद भागातल्या कचेऱ्यांमधल्या फायली आपोआप एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून सरकारी कामकाज वाचलं. खंडेनवमी होती. मैसूरला तिला आयुधपूजा म्हणतात. ज्या वस्तूला चाक आहे, पातं आहे किंवा नुसता दांडा आहे, ती प्रत्येक वस्तू त्या दिवशी धुतली जाते, तिला गंध लागतं, हार चढतो. रस्त्यात फोडलेल्या कोहळ्यांचा असा चिखल होतो की पाय घसरलेला माणूस थेट राजवाड्याच्या दारातच थांबावा. आणि पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, असा अक्काच्या घरचा नियम.

मी तिच्या दुकानासमोर सायकल धरून उभा होतो. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड. आत फळीवर पाने, हातोड्या, पकडी ओळीनं मांडलेल्या, मधोमध गॅस वेल्डिंगचा टॉर्च शेवंतीच्या हारात, आणि त्याच्या शेजारी एक गंजकी तलवार. दोन्ही सिलिंडर हळदीकुंकू लावून नवरा-नवरीसारखे भिंतीला टेकून उभे.

ती तलवार अक्काच्या कुण्या खापरपणज्याची. तो मराठी मुलखातून मैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आला आणि इथेच राहिला. कुठल्या गावाहून आला ते आता घरात कुणालाच ठाऊक नाही, पण मराठी टिकलं. अक्काचं मराठी ऐकलं की मला वाटायचं, पणजीच्या पेटीतून काढून कुणीतरी ते कानडी कापडात बांधून दिलंय. मी सांगलीकडचा. नोकरीसाठी वीसेक वर्षांपूर्वी इथे आलो. तिचं माझं नातं काही नाही. साठीला टेकलेली बाई, नवऱ्याकडून गॅसचं वेल्डिंग शिकलेली, तो गेल्यावर दुकान एकटीनं चालवणारी. मला ती अण्णा म्हणते, मी तिला अक्का. बस्स.

माझं काम साधं होतं. सकाळी पूजेसाठी सायकल धुतली तेव्हा सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळीवर केसाएवढी चीर दिसली. फडक्यानं पुसली तरी जाईना.

आता ही सायकल काय चीज होती ते सांगायला हवं, कारण मी ते अख्ख्या मैसूरला सांगून ठेवलं होतं. स्टीलची फ्रेम, जाड टायर, शहरात चालते, खडीत चालते, शेताच्या पायवाटेवर चालते, आणि किंमत अशी की बायकोला खरी सांगितली तरी घरात भांडण होत नाही. आमचा रविवारी सायकल चालवणाऱ्यांचा एक गट आहे. त्यातल्या कार्बनवाल्यांना मी म्हणायचो की तुमची सायकल म्हणजे लोणच्याची बरणी, पडली की संपली. ॲल्युमिनियमवाल्यांना त्यांची सायकल भंगारात डबे म्हणून ओळखली जाईल असं सांगायचो. स्टील मात्र वाकेल, तुटणार नाही, आणि शंभर वर्षांनी तुटलंच तर आमची अक्का आहे. ती मोडलेलं लग्नसुद्धा पितळेची काडी लावून जोडते, असं मी एकदा म्हणालो, आणि ते लोकांना फार आवडलं.

सगळ्यात जास्त आवडलं ते पुणेकराला. पुणेकर म्हणजे आमच्याच गटातला एक गृहस्थ, नोकरी सोडून प्रवाशांना सायकली भाड्यानं देण्याचा धंदा काढायच्या खटपटीत होता. स्वस्तातल्या, दणकट, स्टीलच्या बारा सायकली घ्यायच्या, लोकांनी त्या राजवाड्यापासून वरुण्याच्या कालव्यापर्यंत कुठेही न्याव्यात, असा बेत. पण प्रवाशाच्या हातातली सायकल मोडणारच. गावात फ्रेम जोडणारा एक भरवशाचा हात हवा होता. मी अक्काचं नाव सुचवलं. पुणेकर म्हणाला, दसऱ्याला गटाबरोबर कालव्यावर येतो, तुमची सायकल तिथे कशी चालते ते बघतो, मग त्या बाईंना भेटतो.

बारा सायकलींचं मी अक्काला सांगून बसलो होतो, कालव्याचं तेवढं सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांत तिनं शेडचा मागचा कोपरा रिकामा केला आणि भिंतीत बारा हूक ठोकले. गेटाच्या बिजागऱ्या, बादल्यांच्या कड्या, शाळेच्या बाकांचे पाय, हेच ती वर्षानुवर्षं जोडत होती. सायकलीच्या फ्रेमचं काम तिच्या जिवाचं होतं आणि ते हळूहळू कमी होत चाललं होतं. हूक ठोकून झाल्यावर तिनं मला बोलावून दाखवले. लहान मुलं पडलेला दात दाखवतात तसे.

तेव्हा दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिरलेली सायकल घेऊन मी कुठे जाणार? पुणेकराला खरं सांगायचं, की चीर पडली आहे, दोन दिवस थांबा, अक्का कशी जोडते ते समोर बसून पाहा. हे सुचायला हवं होतं. आज सुचतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की माझी शंभर वर्षांची सायकल दुसऱ्याच वर्षी चिरली आहे आणि लोणच्याच्या बरणीवाले हसणार आहेत.

अक्काला मी आधी विनवलं, मग हसवलं, मग तिच्या तलवारीची तारीफ केली. ती सगळ्यावर “आगल्ला” म्हणाली. नाही होणार. शेवटी मी आवाज खाली आणला.

“अक्का, नवस आहे,” मी म्हणालो. “दसऱ्याला सायकलवरून डोंगर चढून देवीला येतो असं बोललोय. हिच्या तब्येतीसाठी.”

माझी बायको त्या वेळी घरी पुरणाचं पातेलं एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं फोनवर बहिणीशी बोलत असणार. तिला गेल्या दहा वर्षांत साधी सर्दी झालेली नाही. मी आजवर हजारो थापा मारल्या आहेत. वाघ पाहिला नसताना वाघाची मिशी मोजून सांगितली आहे. पण त्या थापांना पाय नसतात, त्या जागच्या जागी नाचतात आणि बसतात. ही चालत गेली.

अक्कानं “काय झालंय वहिनींना?” असं हळू विचारलं. मी मान खाली घातली. अभिनय एवढा उत्तम वठला की माझेच डोळे भरून आले.

तिनं हात धुतले. तलवारीला हात जोडले. टॉर्चचा हार काढला, तो कुठे ठेवावा हे तिला कळेना, शेवटी तलवारीलाच घातला. मग सिलिंडरची चावी फिरवली.

मी पुष्कळ वेल्डिंग पाहिलंय, पण अक्काचं निराळं. आधी नळी घासून घासून पांढरी केली. पितळ धरावं म्हणून टाकणखार लावला. ज्योत निळी झाली, तिची बारीक जीभ चिरेभोवती फिरत राहिली, नळी लाल झाली आणि मग काडीचं पितळ मधासारखं पाझरून चिरेत शिरलं. तिचा हात एरवी दगडासारखा स्थिर. त्या दिवशी ती मधेमधे फळीकडे बघत होती.

“नीट ऐका,” ती नंतर म्हणाली. “नळी पातळ आहे. स्वस्तातली आहे ना, आतून कागद. डोंगराचा रस्ता डांबरी आहे, तेवढं झेपेल. खडीत नाही न्यायची, उडी तर नाहीच नाही. परवा आणा, वरून पट्टी बसवून देते. मग काय पाहिजे ते करा.”

मी होहो म्हणत मान एवढी हलवली की तीच निखळून पडली असती.

*

दुसऱ्या दिवशी गाव जंबूसवारी, म्हणजे देवीची हत्तीवरची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे लोटत होतं, आणि आम्ही सात जण पहाटेच उलट्या दिशेनं वरुण्याकडे निघालो होतो. कालव्याच्या कडेनं खडीचा रस्ता, एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला ऊस. सायकल इतकी सुरेख चालत होती की मी पुणेकराला तीन वेळा जोड दाखवला. त्यानंही वाकून पाहिला. “काम स्वच्छ आहे,” म्हणाला. तिथे मी गप्प बसलो असतो तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

पण मला आणखी एक गोष्ट दाखवायची होती. पुढे कालव्याच्या बांधावर एक मोरी आहे, तिच्या कठड्यावरून खालच्या पायवाटेवर तरुण पोरं सायकली उडवतात. मी पन्नाशी ओलांडलेला, पोट असलेला, गुडघ्याला पट्टा बांधणारा माणूस. सगळे यायच्या आत एकदा सराव करावा, मग ते आले की सहज जाता जाता उडी मारल्यासारखं करावं, असा विचार करून मी पुढे पळालो. मोरीवर चढलो. खाली पुरुषभर खोल वाटली मला ती पायवाट. त्या क्षणी मला हुणसूरपर्यंतचा मुलूख दिसत होता म्हणालो तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण दिसत होता.

उडी झाली. मागचं चाक आधी टेकलं. घंटेवर खिळा मारावा तसा टण्‌ आवाज आला आणि मी भाताच्या चिखलात. बगळ्यांचा एक थवा उठून निघून गेला, माझ्याकडे न बघता.

उठून पाहिलं. नळी तुटली होती. पितळेचा जोड जसाच्या तसा होता, त्याच्या बोटभर शेजारी मोडली होती. मी सायकल फरफटत वर आणली आणि सपाट खडीच्या रस्त्यावर आडवी ठेवली. का ते मला तेव्हा ठरवावं लागलं नाही. हातांनी केलं.

बाकीचे आले. पुणेकरानं विचारलं काय झालं.

“काही नाही हो,” मी म्हणालो. “सरळ चाललो होतो. कोथिंबीर आणायला जावं तसा. आणि खालून सायकलच गेली.”

सगळे तुटलेल्या नळीभोवती जमले. जोडापाशीच मोडलेली दिसत होती. बोटभर अंतर कोण बघतो? आमच्यात इथलेच एक निवृत्त बँकवाले आहेत, शांत माणूस. त्यांनी विचारलं, कधी जोडली होती? काल, मी म्हणालो. ते म्हणाले, काल तर आयुधपूजा. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इथे थांबायला जागा होती. अख्खी कालव्याएवढी जागा होती. पण समोर सहा माणसं कान टवकारून उभी असली की माझं काय होतं ते मला माहीत आहे.

“मी सांगितलं हो अक्काला, आज नको,” मी म्हणालो. “हत्याराला एक दिवस विसावा द्यावा. ऐकते कुठे. म्हणाली, पूजा माणसाच्या समाधानासाठी, लोखंडाला काय कळतंय.”

बँकवाल्यांनी नुसतं च्‌ च्‌ केलं. पुणेकर देवाधर्माचा नाही, पण तोही म्हणाला, एवढी घाई करणाऱ्या माणसाच्या हातात मी प्रवाशांचा जीव कसा देऊ. झालं. बारा सायकलींचा निकाल तिथे खडीवर लागला, आणि लावणारा मी. चिखल माझ्या कानात वाळत होता.

*

ती गोष्ट मग गावभर फिरली. गटाच्या फोनवर आधी, मग दिवाळीच्या फराळाला आम्ही मराठी मंडळी जमलो तेव्हा मीच सांगितली. पहिल्या खेपेला नुसती नळी मोडली होती. दुसऱ्या खेपेला अक्कानं टॉर्च पेटवताच तलवार आपोआप खाली पडली. तिसऱ्या खेपेला ती माझ्या पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर रुतली. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. माझी मात्र ऐकत नव्हती. दसऱ्याच्या दिवशीच माझ्या सोललेल्या खांद्याला मलम लावताना तिनं एवढंच विचारलं होतं की सपाट रस्त्यावर पडलेल्या माणसाला इतका चिखल कुठे मिळतो. मी म्हणालो, पाऊस झाला होता. ती म्हणाली, तिकडेच का?

अक्काच्या दुकानावरून जायचं मी टाळत होतो. ऑफिसला जायला मला तोच रस्ता जवळचा, तरी लांबून वळसा घालून जायचो. त्या वळशात माझी एवढी चाल झाली की तेवढ्यात सांगलीला जाऊन परत आलो असतो. दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी तिनंच मला सिग्नलपाशी गाठलं. हाक मारली, “अण्णा.” मी वळलो. आता सगळ्या चौकासमोर फैलावर घेणार म्हणून छाती घट्ट केली.

ती माझी माफी मागायला आली होती.

नळी जास्त तापली, ती म्हणाली. सपाट रस्त्यावर चालता चालता जोडापाशी तुटली असं कळलं, म्हणजे ज्योत तिथे जास्त वेळ राहिली. हात घाईत होता, लक्ष फळीकडे होतं, त्या दिवशी पेटवायलाच नको होतं. ती हे सगळं जमिनीकडे बघून बोलत होती. माझ्या तोंडचं ते वाक्य, लोखंडाला काय कळतंय, तिच्या कानावर आलं होतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. मग ती म्हणाली, “तुमचा डोंगर राहिला माझ्यापायी.”

आणि मी काय म्हणालो? “जाऊ द्या अक्का, होतं असं.” मोठ्या मनानं. हातसुद्धा असा वर केला, आशीर्वाद देतात तसा. आजवर बोललेल्या सगळ्या थापा एका पारड्यात टाकल्या आणि ही पाच शब्दांची क्षमा दुसऱ्यात, तर दुसरं पारडं जमिनीत जाईल.

तिनं कनवटीला बांधलेली पुडी काढली. देवीचं कुंकू होतं. माझ्यामुळं राहिलं म्हणून मीच जाऊन आले, म्हणाली. पायऱ्यांनी. हजारएक पायऱ्या आहेत त्या, आणि अक्काचा डावा गुडघा असा आहे की दुकानातल्या स्टुलावरून उठताना ती आधी देवाचं नाव घेते. “वहिनींना द्या. आता बऱ्या आहेत ना?”

बऱ्या आहेत, मी म्हणालो.

तिच्या शेडमध्ये मी त्याच आठवड्यात डोकावलो, ती नसताना. टॉर्च जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून वरच्या फळीवर टाकला होता. विजेच्या मशीननं ती फक्त गेटं आणि खिडक्यांचे गज जोडत होती. पुणेकराच्या सायकली एव्हाना बाजारात आल्या होत्या, दुसऱ्या एका कारागिराकडे दुरुस्तीला जात होत्या. अक्काच्या बारा हुकांवर बिजागऱ्या लटकत होत्या.

कुंकवाची पुडी चार दिवस माझ्या खिशात होती. पाचव्या दिवशी कपडे धुवायला टाकताना बायकोला मिळाली. ही कसली, तिनं विचारलं, आणि मला एकही गोष्ट सुचली नाही. मला, जो पाण्याच्या पेल्यावर तासभर बोलू शकतो. सगळं सांगितलं, नवसापासून. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. पुडी उघडी तिच्या तळहातावर होती.

“आता हे मी लावायचं का?” तिनं विचारलं.

 तिनं पुडी पुन्हा बांधली आणि देवापुढे ठेवली. त्यानंतर घरात मी नेहमीसारखं काही रंगवून सांगायला लागलो की ती उठून गॅस बारीक करायला जायची. गॅस पेटलेला नसला तरी.

*

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन एकटाच वरुण्याला गेलो. बसनं, कारण सायकल तशीच मोडकी जिन्याखाली पडली होती. शेवटचा मैल पायी. मोरी शोधायला वेळ लागला, कारण मी जी मोरी शोधत होतो तेवढी मोठी त्या कालव्यावर नव्हतीच. शेवटी कठड्यावरच्या माझ्याच पॅडलच्या ओरखड्यावरून ओळखली. टेप सोडली. अडीच फूट. मला वाटलं माझी चूक होतेय, म्हणून दुसऱ्या कडेनं मोजलं. पुन्हा अडीच. ऊस तोडणारे दोघे जण हात थांबवून माझ्याकडे बघत होते. एकानं कानडीत विचारलं, इथे काही बांधणार का? मी म्हणालो, नाही, सुम्ने. उगाच.

तिथूनच पुणेकराला फोन लावला. सरळ सांगितलं, मधे एकही वाघ न आणता. अक्का पेटवायला तयार नव्हती, मी खोटा नवस सांगितला, तिनं उडीला मनाई केली होती, मी मारली, आणि ते लोखंडाचं वाक्य माझं, तिचं नाही.  

मग तो म्हणाला की हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी हो म्हणालो. तो म्हणाला की नवीन कारागीर चाकं सरळ बसवत नाही, दोन सायकली तिरक्या चालतात, त्यानं दुसरा हात शोधायला घेतलाच आहे. “पण हे आधी गटावर लिहा,” म्हणाला. “तुमच्या शब्दांत नको. साध्या शब्दांत. आणि बाईंना जाऊन सांगा. त्या हो म्हणाल्या तर बाराही सायकली मी उद्या आणून टांगतो.”

गटावर लिहिलं. चार ओळी. मी आयुष्यात लिहिलेला सगळ्यात लहान मजकूर. दोघा-तिघांनी हसण्याची चिन्हं पाठवली, त्यांना वाटलं ही नवी गोष्ट आहे. बँकवाल्यांनी फक्त एवढंच लिहिलं की त्या बाईंना वाचून दाखवा.

सोमवारी ऑफिस बुडवून नजरबादेत गेलो. अक्का स्टुलावर बसून एका गेटाची बिजागरी कानशीनं घासत होती. मी बसलो नाही. फोन काढून आधी त्या चार ओळी वाचून दाखवल्या, मग त्यांत जे नव्हतं ते तोंडी सांगितलं. हिला काही झालेलं नव्हतं. नवस नव्हता. तुम्ही चढलात त्या पायऱ्या कुणासाठीच नव्हत्या. तुमच्या नावावर मी जे बोललो ते तुम्ही कधी बोलला नाहीत. मी कालव्यावर उडी मारली, तुम्ही नको म्हणाला होतात तरी. तुमच्या हाताचा दोष नाही, त्या दिवसाचाही नाही. पुणेकर उद्या बारा सायकली आणायला तयार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा.

कानशी थांबली नव्हती. सर्रक, सर्रक. मी मनात तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो. खरं सांगतो, ती ओरडली असती तर मी तिथेच रस्त्यावर बसून पेढे वाटले असते. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्यानं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

शेवटी कानशी थांबली. तिनं बिजागरी डोळ्यासमोर धरून कड पाहिली.

“किती उंचावरून?” तिनं विचारलं.

पुरुषभर. शब्द जिभेच्या टोकावर आला होता. त्या मोरीवर उभा होतो तेव्हा मला तेवढंच वाटलं होतं, म्हणजे ते पुरतं खोटंही झालं नसतं. जन्मभर जिथे गरज नव्हती तिथे मी बोटाचा हात केला. पण खिशात टेप होती, आणि काल दोन्ही कडांनी मोजलेलं होतं, आणि तिला आता आणखी एक थाप द्यायची माझी छाती झाली नाही.

“अडीच फूट,” मी म्हणालो.

अक्कानं बिजागरी पुन्हा मांडीवर घेतली आणि आपल्याच हाताकडे बघितलं.

“अडीच फुटानं तुटायला नको होती.”